सावकाश उमटणारं रान

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा धानाची कापणी सुरू व्हायची होती, आणि तो घरात आला तेव्हा दिवाळीनंतरच्या गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, संपत आल्या होत्या. मधले सगळे दिवस मी दोन प्रोसेसरांच्या मध्ये उभी होते. नवरा म्हणे, एवढ्या वेळात आपण तुला पाहून, पसंत करून, लग्न लावून घरीसुद्धा आणलं होतं. खरं होतं ते. पण तेव्हा निवड तुमची होती, मला कुणी वेळ दिला होता? असं मी म्हटलं की तो चहाच्या कपात पाहू लागे.

मी मुळातच रेंगाळणारी बाई आहे. लहानपणी आईने तलावाच्या पाळीवरून बकरी आणायला पाठवलं, तर बकरी आपली आपण घरी यायची आणि मी पाळीवरच बसलेली असायची. पाण्यात आभाळ दिसे, आभाळात बगळे, आणि बगळे नेमके वरचे की खालचे यात माझी दुपार जाई. आई हाका मारून थके. पुढे शिक्षण झालं, लग्न झालं, गोंदियाजवळ फुलचूरला घर केलं, पण हा स्वभाव काही सुटला नाही. नशीब असं की कामही त्याच जातीचं मिळालं.

गोंदियातल्या एका लहानशा संस्थेत मी नकाशे काढायचे. जंगलाकाठच्या गावांना आपल्या वापरातल्या रानावर सामूहिक हक्क मागता येतो, असा कायदा झाला होता. हक्क मागायचा तर हद्द दाखवायला नकाशा लागतो. मग गावातली माणसं हातात जीपीएसचं यंत्र घेऊन हद्दीवरून चालत जात. यंत्र त्यांची वाट लक्षात ठेवी. ते आमच्याकडे आलं की ती वाट मी उपग्रहाच्या चित्रावर पिवळ्या रेघेने उतरवायचे. रेघेच्या आत ते गावाचं रान, बाहेर ते सरकारचं. काम सोपं होतं, पण मी त्या चित्रांमध्ये हरवून जायचे. वरून पाहिलेलं रान फार शांत दिसतं, आणि त्यात कुठेतरी कुणी मोहफुलं वेचत असेल असा विचार आला की माझा हात थांबे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडच्या डोंगराच्या पलीकडे, एका गोंड वस्तीचा नकाशा तयार होत आला होता. आता तो ग्रामसभेत सगळ्यांना दाखवायचा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दावा तालुक्याला द्यायचा. संस्थेतला कॉम्प्युटर टेबलाएवढा. त्याला उचलून रानात नेणार कोण? आणि नेला तरी गावात विजेचे खांब होते, तारा होत्या, घरोघरी बल्ब लटकत होते, लाइन मात्र स्वतःच्या मर्जीने यायची. म्हणून लॅपटॉप. तोच घरीही वापरायचा होता. नवऱ्याला सिनेमे आणि क्रिकेट हवं होतं, आणि दूर दिलेल्या माझ्या बहिणीला व्हिडिओवर माझं तोंड पाहायचं होतं.

गोंदियाच्या बाजारातल्या दुकानदाराने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. रंग एक, पडदा एक, किमतीतही फारसा फरक नाही. फरक होता तो आतल्या प्रोसेसरचा.

"मॅडम, ये वाला एकदम तेज है," एकावर थाप मारून तो म्हणाला. "और ये वाला आराम से चलता है."

"आराम से मतलब?"

"मतलब बिजली कम पीता है. ठंडा रहता है. बॅटरी दिनभर छुट्टी नहीं मांगती. तेज वाला दो घंटे में चार्जर मांगेगा."

नवऱ्याने लगेच तेजवाल्याकडे बोट केलं. तो तिरोड्याच्या वीज प्रकल्पात पाळीने कामाला होता आणि जे जोरात फिरतं ते चांगलं, अशी त्याची साधी समजूत होती. मी मात्र पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्याच गावाच्या रानाचं चित्र होतं, भलं मोठं, झाडाझाडाची सावली दिसेल असं.

आधी तेजवाल्यावर उघडलं. रान झटकन पडद्यावर आलं. पुरं, काठोकाठ, एकदम. आत पंखा भर्रकन सुरू झाला, आणि तळहात ठेवून पाहिला तर लॅपटॉपचं पोट चांगलंच तापलेलं. दुकानदाराचा चेहरा फुलला. मग तेच चित्र दुसऱ्यावर उघडलं. काहीच झालं नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी उमटली, काळपट हिरवी. थोडं थांबून तिच्याखाली दुसरी. तिच्यात नाल्याचं एक वळण अर्धंच आलं. पुढचं वळण कुठे जातं ते पाहायला मी वाकले. तिसरी पट्टी आली, नाला डावीकडे गेला, आणि मग पाण्याचा एक निळसर तुकडा दिसू लागला. पंख्याचा आवाज नाही, काही नाही. रान जणू धुक्यातून एकेक पाऊल पुढे येत होतं. बाजारातले हॉर्न, दुकानातली ट्यूबलाइट, सगळं माझ्यापासून दूर गेलं. मला ओल्या पाचोळ्याचा वास आल्यासारखा वाटला.

"झोपली का वं उभ्याउभ्या?" नवरा म्हणाला.

"पाहून राहिली."

"काय पाहून राहिली? थे तं अजून आलंच नाही."

ते आलंच नव्हतं, म्हणूनच पाहत होते, पण हे त्याला कसं सांगायचं? मी म्हटलं, विचार करून सांगते. दुकानदाराने दोन्ही झाकणं लावली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर घरात रोज तोच विषय. माझं मन एकाच बाजूला होतं असं मुळीच नाही. नकाशाचं काम म्हणजे तीच रेघ पुन्हा पुन्हा पुसणं आणि काढणं, आणि दर वेळी चित्र नव्याने उमटणार. तेजवाला घेतला तर माझे कितीतरी तास वाचले असते. सकाळी भाजी चिरताना मी तेजवाल्याच्या बाजूची व्हायचे, दुपारी कामावर हळूवाला आठवे. संध्याकाळी हटकून लाइन जाई आणि आम्ही दोघं ओसरीवर येऊन बसायचो. समोर धानाच्या बांध्यांवर धूर तरंगत असायचा. त्या उजेडात कुठलीही गोष्ट ठरवायची घाई वाटत नसे.

"तू काम करायले लॅपटॉप घेऊन राहिली, का वीज वाचवायले?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"तुम्ही तिकडे वीज बनवून राहिले अन् इकडे फुलचूरले अंधार. मंग मी काय करू?"

"थे माह्या हातात हाय का?"

"मंग बॅटरी तरी माह्या हातात राहू द्या."

तो हसला. मग म्हणाला, "घे बाई तुला पाहिजे थो. तुमची रास एकच दिसते. दोघंही तितकेच ढिम्म."

तरीही मी गेले नाही. शेवटी त्या गावातून फोन आला. ग्रामसभेचा अध्यक्ष बोलत होता, माझ्याच वयाचा, कमी शब्दांचा माणूस. धान चुरून झालं, मळणी उरकली की सभा ठेवतो म्हणाला, दिवसही सांगितला. मग चाचरत म्हणाला, "मॅडम, सगळे येतीन. पण सगळे पाह्यले पाहिजे जी, म्हातारे-कोतारे बी. आम्ही चाललो, थे त्याहीनं पाह्यलं पाहिजे." ते एकदा पांगले की पुन्हा जमवणं मुश्कील, हे मला ठाऊक होतं. दोन तासांत डोळे मिटणारं यंत्र घेऊन मी तिथे काय दाखवणार? त्याच दिवशी मी दुकानात गेले आणि हळूवाल्यावर हात ठेवला. "पक्का?" दुकानदाराने विचारलं. पक्का म्हटलं, आणि मन फिरायच्या आत पैसे मोजले.

सभेच्या दिवशी पहाटेच निघाले. नवेगावच्या बाजूने पुढे गेल्यावर धुकं इतकं दाट झालं की रस्त्याच्या कडेचे मोह तेवढे दिसत होते, तेही अर्धे. गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. प्रतापगडच्या पायथ्याशी ऊन पडलं, आणि गावात शिरले तेव्हा अंगणाअंगणात धानाचे ढीग चकाकत होते. वीज नव्हतीच. शाळेच्या पडवीत मास्तरांचं टेबल, त्यावर उलटा ठेवलेला एक डबा आणि डब्यावर माझा लॅपटॉप. उजेडात पडदा दिसावा म्हणून बायकांनी वरून एक गोधडी ताणून बांधली. त्या गोधडीखाली जो तो मान घालू लागला.

सगळ्यात पुढे, टेबलाला जवळजवळ चिकटून, एक म्हातारी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, डोळे बारीक, पण नजर स्वच्छ. तिला गाव आजी म्हणत होतं, मीही म्हणाले. ती बसली तिथून उठली नाही.

मी चित्र उघडलं. पहिली पट्टी उमटली. दुसरी आली तसा कुणीतरी म्हणाला, "हा तं डोंगर." तिसऱ्या पट्टीला बायका पुढे सरकल्या. मग एक खेळच सुरू झाला. पट्टी यायच्या आधीच माणसं सांगू लागली, आता काय दिसणार.

"आता बोडी येईल पाहा," एक जण म्हणाला, आणि खरंच ती लहानशी तळी उमटली. सगळे हसले. "आता तेंदूचा उतार." "आता माह्या सासऱ्याचं वावर." मला यातलं काहीच आधी कळत नव्हतं. जे चित्र मी संस्थेत बसून महिनाभर पाहिलं होतं, ते आज पहिल्यांदा कुणाचं तरी होतं. सकाळ अशीच गेली. एक घोळका पाहून उठला की दुसरा यायचा, मी पुन्हा पहिल्यापासून उघडायचे, आणि रान पुन्हा डोंगराकडून खाली येऊ लागायचं. आजी मात्र प्रत्येक वेळी पाहत होती. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच हरवली असेल.

दुपार होत आली तेव्हा ती एकदम म्हणाली, "थांब जी."

थांबवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं, तरी मी हात वर घेतला.

"हे लकीर इकडे काऊन वळून राहिली?"

पडद्याच्या तळाशी, जिथे दाट झाडांचा एक गोल पुंजका होता, तिथे पिवळी रेघ त्याला वळसा घालून गावाच्या बाजूने गेली होती. पुंजका बाहेर राहिला होता. मी ते वळण कितीदा तरी पाहिलं होतं. मला तो खडक किंवा उतार वाटला होता, माणसं जशी चालली तशी रेघ.

हद्दीवर यंत्र घेऊन चालणाऱ्यांत अध्यक्ष स्वतः होता. तो पुढे आला. "आजी, तिथं पेनठाणा हाय ना," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगू लागला. पेनठाणा म्हणजे त्यांच्या देवांची जागा. तिथून कुणी सरळ जात नाही. पायात चप्पल, हातात मशीन, तसं तर नाहीच नाही. गावातलं कुणीही त्या बाजूला गेलं तर आतल्या अंगाने, देवाला मान देऊन, वळसा घेऊन जातं. वाटच तशी पडलेली आहे. तेही तसेच गेले. चालताना एकाच्याही मनात आलं नाही की आज यंत्रही आपल्याबरोबर वळतंय.

"मंग देव बाहेर राह्यले?" आजीने मला विचारलं.

"हो आजी. ही रेघ राहिली तर ती जागा गावाच्या हक्कात येत नाही."

 अध्यक्षाचा चेहरा उतरला होता. मला त्याची दया आली, कारण त्यात त्याचं काय चुकलं होतं? मान दिला म्हणूनच ती जागा हातची जात होती.

आजी त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तिने पडद्यावरच्या त्या पुंजक्याकडे हात केला. "माहा बुढा तिथं हाय," ती म्हणाली. त्या गावात घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचा एक दगड पेनठाण्यात नेऊन ठेवतात, म्हणजे तो आपल्या पूर्वजांत जाऊन बसतो, आजीच्या नवऱ्याचाही तिथे आहे, हे मला शेजारच्या बाईने हळूच सांगितलं. "जिता होता तं एक रात बाहेर नाही राह्यला जी. बजारले गेला तरी दिवस बुडाच्या आंत घरी. आता त्याले बाहेर ठेवता का तुम्ही?"

मला रडू आलं. लपवायला जागाही नव्हती, गोधडीखाली सगळे इतके जवळ होते.

"मॅडम, तुम्हीच सरकवून द्या ना थे लकीर," मागून कुणी तरी म्हणालं. सरकवता आली असती. पण चालल्याशिवाय काढलेली रेघ उद्या कुणी खोटी ठरवली तर पुरा दावा अडकेल, ही मला भीती होती. अध्यक्षाचं कारण वेगळं होतं. देवाला न विचारता त्याच्याभोवती रेघ ओढायची नाही, एवढंच तो म्हणाला. त्याने चप्पल काढून खांबाशी ठेवली, घरून मूठभर तांदूळ आणि थोडी मोहाची दारू आणवली, यंत्र पंच्यात गुंडाळलं, आणि काही जणांना घेऊन निघाला. पेनठाण्याच्या पलीकडून, जिथे वाट नाही तिथून, काट्यातून फिरून यायचं होतं. बाकीचे उठले नाहीत. सह्या झाल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं.

मी लॅपटॉप बंद केला. बॅटरी पावभर उरली होती.

"याले कायले बंद केलं?" आजीने विचारलं.

"जीव वाचवून ठेवते त्याचा. ते येतपर्यंत."

तिने त्याच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला. "थंडा हाय," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून बसली. ऊन पडवीतून खाली उतरलं. कुठेतरी पाखडण्याचा आवाज येत होता, मोहावर पोपट कलकलत होते. आजी गोंडीत काहीतरी पुटपुटत होती, ते मला कळत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मी डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी बसले होते. वेळ पाण्यासारखा उभा होता. पण मनात सतत एकच, बॅटरी पुरेल ना?

ते आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. सगळ्यांच्या पोटऱ्यांवर ओरखडे. मी यंत्र जोडलं, नवी वाट उतरवली आणि चित्र उघडलं. पहिली पट्टी आली. डोंगर. पेनठाणा सगळ्यात खाली होता, म्हणजे सगळ्यात शेवटी येणार. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लाल झालं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला दुकानातला तेजवाला आठवला. पण तो सकाळीच विझला असता, आणि आजीला ते वळण पाहायलाही मिळालं नसतं. हा आपल्या चालीने चालला होता. नाला आला. बोडी आली. आता कुणी काही सांगत नव्हतं. तेंदूचा उतार आला, तिथे लॅपटॉप थांबला, इतका थांबला की अध्यक्षाने माझ्याकडे पाहिलं. मग खालची पट्टी उमटली. तो गोल पुंजका, आणि पिवळी रेघ त्याच्या पलीकडून, काट्यातून, पूर्ण फिरून परत आलेली.

 मी घाईघाईने सगळं जतन केलं, पेन ड्राइव्हवर घेतलं.  तोवर रांग लागली होती. ठरावाच्या कागदावर सह्या झाल्या, अंगठे झाले. पुढे तो दावा मंजूर झाला, बराच काळ गेला त्यात, पण झाला. त्या संध्याकाळी मात्र एवढंच की माणसं एकेक करून आपल्या धानाकडे निघाली, अध्यक्षाने चप्पल शोधली, आणि बायकांनी गोधडी सोडून घडी घातली.

आजीचा अंगठा सगळ्यात आधी झाला होता, तरी ती तिथेच होती. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे जी थोडंसं," ती म्हणाली. "पाहून राह्यली मी."

दिवसभर मी त्या बॅटरीचा कण कण राखला होता. मी हात मागे घेतला आणि तिच्याजवळ बाकावर बसले. गोधडी नव्हती, आता तिची गरजही नव्हती, उजेड मावळत आला होता आणि पडद्यावरचं रान अधिकच हिरवं दिसत होतं. ती त्या पुंजक्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. पडदा आपला आपण काळा होईपर्यंत आम्ही दोघी उठलो नाही.